बहात्तर माणसं

आजोबांच्या पत्र्याच्या पेटीत एक नळी होती. ज्या कोकणी घरातलं कुणी ना कुणी बोटीवर गेलंय, तिथं हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. नळी म्हणजे खलाशाच्या नोकरीचं पुस्तक. जुन्या काळी ते कागद पत्र्याच्या गोल नळीत गुंडाळून जपत, तिथून हे नाव. आजोबांच्या वेळेपर्यंत त्याचं चपटं, जाड पुठ्ठ्याचं पुस्तक झालं होतं, पण घरात सगळे त्याला नळीच म्हणत. आत एकाखाली एक सफरी लिहिलेल्या. बोटीचं नाव, कुठं चढला, कुठं उतरला, हुद्दा, आणि शेवटी दोन शिक्के: एक कामाचा, एक वागणुकीचा. आजोबा भंडारी होते, म्हणजे बोटीवरचे स्वयंपाकी. त्यांच्या नळीत पहिल्या सफरीपासून शेवटच्या सफरीपर्यंत दोन्ही शिक्के एकसारखे होते. व्हेरी गुड. व्हेरी गुड.

बॉस्टनला राहायला येऊन मला नऊ वर्षं झाली. चार्ल्स नदीच्या काठाला लेव्हरेट सर्कल नावाचा गाड्यांच्या गर्दीचा चौक आहे, कामावर जाताना तो रोज लागतो. या भागात लेव्हरेट स्ट्रीटचा तुरुंग होता. १८५१ साली तो बंद झाला, आता त्याची खूणही उरलेली नाही. ११ जून १८३५ ला सकाळी त्या तुरुंगाच्या आवारात पाच खलाशांना चाचेगिरीबद्दल फाशी दिलं गेलं. त्यांच्या रांगेत आणखी एक माणूस उभा राहायचा होता. त्याचं नाव बर्नार्दो दे सोतो. तो कसा वाचला हे पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नाही, आणि कितीतरी वर्षांनी आजोबांची नळी आठवली.

बर्नार्दो स्पेनच्या वायव्य टोकाचा, ला कोरुन्याचा. अटलांटिकच्या तोंडावरचं, पावसाचं, वाऱ्याचं बंदर. तिथल्या तरुणाला शिकून पुढं जायचं तर व्यापारी जहाजावर जायचं आणि क्युबा गाठायचं, ही सरळ वाट होती. मेक्सिकोपासून पेरूपर्यंत स्पेनचं सगळं राज्य हातून गेलं होतं. कॅरिबियनमध्ये क्युबा आणि प्वेर्तो रिको एवढंच उरलं होतं, आणि हवाना साखरेवर श्रीमंत झालं होतं. बर्नार्दो नौकानयन शिकला, विशीत जहाजाचा कप्तान झाला. गावच्याच एका कोवळ्या मुलीशी, पेत्रोना पेरेइराशी, त्याचं लग्न झालं. आणि मग तो सफरीवर गेला. पुढचा प्रसंग १८३१ सालचा आहे. माझ्या दृष्टीनं त्याच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस तोच.

'लिऑन' नावाचं ब्रिग, म्हणजे दोन डोलकाठ्यांचं जहाज, घेऊन तो फिलाडेल्फियाहून हवानाला निघाला होता. बहामाच्या उथळ पाण्यात त्याला 'मिनर्व्हा' हे अमेरिकन जहाज दिसलं. ते वाळूच्या दांड्यावर रुतलं होतं आणि पेटलं होतं. प्रवासी आणि खलाशी डोलकाठ्यांना आणि परवाणांना, म्हणजे शिडं बांधायच्या आडव्या काठ्यांना, धरून लटकले होते.

मी खलाशाची नात आहे, म्हणून इथं जरा थांबते. पेटलेल्या जहाजाजवळ जाणं म्हणजे काय? लाकूड, डांबर, तागाचे दोर आणि कापडी शिडं यांचंच जहाज बनलेलं. एक ठिणगी वाऱ्यावर आली की आपलंही जहाज तसंच पेटणार. त्यात बहामाच्या त्या पट्ट्यात पाणी इतकं उथळ की पेटलेलं जहाज जिथं रुतलं तिथं आपलंही रुतायची भीती पावलोपावली. शिडाच्या जहाजाला गाडीसारखा ब्रेक नसतो, वारा आणि प्रवाह सांभाळत, शिडं कमी-जास्त करत, थोडं थोडं सरकायचं असतं. कप्तानावर मालकाच्या मालाची जबाबदारी असते. आणि माणसं वर घेतली तर त्यांना हवानापर्यंत प्यायला पाणी कुठून द्यायचं, हाही हिशेब तिथल्या तिथं करावा लागतो. तोंड फिरवून निघून गेलेल्या कप्तानाला कुणी जाब विचारला नसता. विचारायला कुणी जिवंतच राहिलं नसतं.

बर्नार्दोनं तोंड फिरवलं नाही. त्यानं ७२ माणसं उतरवून घेतली आणि हवानाला सुखरूप पोचवली. फिलाडेल्फियाच्या विमा कंपनीनं त्याला चांदीचा पेला भेट दिला.

पुढच्याच वर्षी, १८३२ च्या ऑगस्टमध्ये, तोच माणूस हवानाहून 'पांडा' नावाच्या स्कूनरवर, म्हणजे वेगवान शिडाच्या जहाजावर, निघाला. जहाजाचा कप्तान पेद्रो हिबेर्त होता, बर्नार्दो त्याच्या खालचा पहिला मेट. पांडा कशाला निघाली होती हे हवानाच्या धक्क्यावर कुणापासून लपलेलं नव्हतं. आफ्रिकेच्या किनाऱ्यावर जायचं, माणसं विकत घ्यायची, तळात कोंबायची आणि क्युबाच्या उसाच्या मळ्यांसाठी आणून विकायची. स्पेननं इंग्लंडशी १८१७ साली करार केला होता आणि १८२० पासून हा धंदा बेकायदा ठरला होता. पण साखरेला हात हवे होते आणि अधिकाऱ्यांना पैसे. करार कागदावर राहिला आणि असल्या सडपातळ, वेगवान स्कूनर हवानाहून निघतच राहिल्या. ज्या धंद्यासाठी इंग्रजी युद्धनौकांना हुलकावणी द्यायचीच असते, त्यात उरलेला कायदा मोडायला वेळ लागत नाही. कॅरिबियनमधली त्या काळातली कितीतरी चाचेगिरी याच धक्क्यांवरून, याच माणसांतून उभी राहिली.

२० सप्टेंबर १८३२. अटलांटिकच्या मधोमध पांडाला 'मेक्सिकन' हे ब्रिग भेटलं. सेलमचं जहाज, बॉस्टनच्या उत्तरेचं ते छोटं बंदर. मालक जोसेफ पीबडी. हा पीबडी कलकत्त्याच्या व्यापारावर मोठा झालेला. त्याच्या 'जॉर्ज' या जहाजानं एकट्यानं कलकत्त्याच्या २१ सफरी केल्या. सेलमच्या धक्क्यावर आजही उभं राहिलं की आपल्याकडचा माल इथं उतरत होता, हे मनात येतंच. मेक्सिकन मात्र रिओ द जानेरोला निघालं होतं, आणि त्यावर २०,००० डॉलरची चांदीची नाणी होती.

पांडाची माणसं बंदुका, सुरे घेऊन मेक्सिकनवर चढली. कप्तान बटमन आणि त्याच्या खलाशांना मारहाण करून पैशाच्या पेट्या काढायला लावल्या. पेट्या पांडावर गेल्यावर, या लोकांचं काय करायचं असं हिबेर्तला विचारलं गेलं. त्याचं उत्तर पुढं कोर्टात सांगितलं गेलं: मेलेली मांजरं म्यांव करत नाहीत.

मग त्यांनी शिडं फाडली, दोर कापले, होकायंत्रं फोडली, खलाशांना खाली कोंडून वरची झाकणं बंद केली. आणि आग लावली ती भंडाऱ्याच्या चुलीच्या खोपटात, डांबराचे दोर भरून. हे वाचताना माझ्या अंगावर काटा आला. ज्या जागी माझे आजोबा रोज पहाटे डाळ शिजत टाकायचे, जिथं थंडीत कुडकुडणारा खलाशी हात शेकायला यायचा, ती जागा. एक वर्षापूर्वी बर्नार्दोनं आगीतून माणसं बाहेर काढली होती. आता तो ज्या जहाजाचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी होता, त्यावरची माणसं जिवंत माणसांवर आग लावून निघून जात होती.

मेक्सिकनची माणसं वाचली ती बटमनच्या डोक्यामुळे. मागच्या बाजूला एक झरोका चाच्यांकडून बंद करायचा राहिला होता. बटमन त्यातून बाहेर आला. बादल्यांनी पाणी मारून त्यानं आग आवरली, पण पुरती विझवली नाही. धूर निघत राहील एवढी जिवंत ठेवली, कारण पांडा अजून नजरेच्या टप्प्यात होती. लांबून बघणाऱ्याला जहाज जळतंय असंच वाटायला हवं होतं. पांडा क्षितिजाखाली गेल्यावर त्यांनी आग विझवली, फाटकी शिडं शिवली आणि १२ ऑक्टोबरला ते सेलमला पोचले.

बातमी अटलांटिक ओलांडून गेली. पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांची जहाजं पकडण्यासाठी फिरणाऱ्या 'कर्ल्यू' या इंग्रजी युद्धनौकेच्या कप्तान हेन्री ट्रॉटरला जून १८३३ मध्ये आजच्या गॅबॉनच्या किनाऱ्यावर, नदीच्या मुखात, पांडा सापडली. माणसं किनाऱ्यावर पळाली होती. ट्रॉटरनं कित्येक महिने बेटांवरून, बंदरांवरून त्यांचा माग काढला आणि एकेकाला गोळा केलं. पांडा स्फोट होऊन गेली, आणि त्या स्फोटात कर्ल्यूचीही माणसं दगावली. ऑगस्ट १८३४ मध्ये इंग्रजांनी कैदी थेट सेलमच्या बंदरात आणून दिले.

खटला नोव्हेंबरमध्ये बॉस्टनला उभा राहिला. समोर १२ आरोपी, पांडाचाच एक खलाशी माफीचा साक्षीदार. न्यायासनावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती जोसेफ स्टोरी. बचावाचा वकील डेव्हिड ली चाइल्ड, गुलामगिरीच्या कट्टर विरोधातला माणूस. मेक्सिकनचा टॉमस फुलर नावाचा खलाशी साक्षीला आला. ओळखतोस त्याच्यावर हात ठेव, असं त्याला सांगितलं गेलं. त्यानं हात ठेवला नाही, ज्यानं मारलं होतं त्या रुइसच्या खांद्यावर जोरात ठोसा हाणला. कोर्टानं त्याला खडसावलं. खटल्याच्या त्या सगळ्या कागदी भाषेत हा ठोसा मला जिवंत वाटतो. दोन वर्षं त्या माणसानं तो जपून ठेवला होता.

ज्यूरीनं सात जणांना दोषी धरलं, पाच जणांना सोडलं. दोषींत हिबेर्त होता, रुइस होता, आणि बर्नार्दो दे सोतो होता. पण त्याच्या नावापुढे ज्यूरीनं एक विनंती जोडली. मिनर्व्हा जहाजावरच्या सत्तरहून अधिक माणसांचे जीव त्यानं उदार, निःस्वार्थ वागणुकीनं वाचवले, त्याचा सरकारनं दयेनं विचार करावा. ज्या १२ जणांनी त्याला फासाच्या वाटेवर लावलं त्यांनीच हे लिहून दिलं. स्टोरींच्या हातात दया नव्हती, ती राष्ट्राध्यक्षांच्या हातात होती.

मग पेत्रोना आली. ला कोरुन्यात नवऱ्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेली ती मुलगी. तिच्यापर्यंत बातमी पोचली ती त्याला फाशीची शिक्षा सुनावल्याची. ती अटलांटिक ओलांडून आली, वॉशिंग्टनला गेली आणि राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सनपुढे उभी राहिली. आमच्या गावात बोटीवर गेलेल्या माणसांच्या बायका मी लहानपणापासून पाहिल्या. मनीऑर्डर आली की अंगठा उठवणाऱ्या, बंदरावरच्या माणसाला 'काय खबर?' एवढंच विचारणाऱ्या. वर्ष-वर्ष वाट बघायची त्यांना सवय असते. पण परक्या देशाच्या राज्यकर्त्यापुढे, परक्या भाषेत, नवऱ्याचा जीव मागायला जाणं ही सवयीची गोष्ट नाही. पेत्रोनाचा विचार करताना मला आजीच आठवते. तिला मुंबईसुद्धा परदेश वाटायचा.

फाशी आधी मार्चमध्ये व्हायची होती, ती जूनपर्यंत लांबली. ११ जूनला हिबेर्त, कास्तिल्यो, गार्सिया, बोइगा आणि माँतेनेग्रो यांना फासावर नेलं. बोइगानं त्या सकाळी स्वतःचा गळा कापून घेतला होता. रक्त गेल्यानं तो उभाही राहू शकत नव्हता. त्याला खुर्चीत बसवून फासापर्यंत नेलं आणि खुर्चीतच लटकवलं. रुइसला वेड लागलंय का, हे तपासण्यासाठी वेळ दिला गेला होता, त्याला सप्टेंबरमध्ये फाशी झाली. बर्नार्दोला जॅक्सननं ६ जुलै १८३५ ला माफी दिली. मिनर्व्हाच्या माणसांचे प्राण वाचवल्याबद्दल, आणि पत्नीच्या विनवणीवरून.

बऱ्याच वर्षांनी क्युबाच्या किनाऱ्यावर तो पुन्हा एका बोटीचा कप्तान म्हणून दिसला, असं सेलमचे जुने दर्यावर्दी सांगत.

इथपर्यंतची गोष्ट वाचून बहुतेकांचे डोळे भरून येतात. माझेही आले. एका चांगल्या दिवसानं माणसाचा जीव वाचवला, यापेक्षा जिवाला बरं वाटणारं काय असेल? पण मला झोप लागली नाही ती पुढच्या विचारानं.

पांडा आफ्रिकेला माणसं आणायला निघाली होती. ही गोष्ट कोर्टात लपलेली नव्हती. किनाऱ्यावर ती पकडली गेली नसती आणि सफर ठरल्याप्रमाणे पुरी झाली असती, तर तिच्या तळात शेकडो माणसं साखळदंडात हवानाला आली असती. वाटेत किती मेली असती आणि समुद्रात टाकली गेली असती, हा त्या धंद्यातला रोजचा हिशेब होता. बर्नार्दो या कामासाठी स्वखुशीनं जहाजावर चढला होता. मिनर्व्हाची ७२ माणसं मोजली गेली, त्यांच्या नावानं दया मागितली गेली. २०,००० डॉलर मोजले गेले, त्यांच्यासाठी फाशी झाली. पांडाच्या तळात जी माणसं भरली जाणार होती त्यांची मोजणी कुणी केली नाही. ज्यूरीच्या विनंतीत ती नाहीत, राष्ट्राध्यक्षांच्या माफीनाम्यात ती नाहीत. जॅक्सनच्या स्वतःच्या मळ्यावरच गुलाम राबत होते.

अमेरिकेनं १८२० साली कायदा केला होता की आपल्या नागरिकानं गुलामांचा व्यापार केला तर ती चाचेगिरी समजावी, शिक्षा मृत्यू. त्या कायद्याखाली पहिली आणि एकमेव फाशी झाली १८६२ मध्ये, नॅथॅनिएल गॉर्डनला. चांदी लुटणाऱ्यांना तीन वर्षांत फास मिळाला. माणसं लुटणाऱ्यांपैकी एकाला तो मिळायला बेचाळीस वर्षं गेली. पांडा स्पॅनिश होती, म्हणून हा कायदा तिला लागूच नव्हता, हे मला कळतं. तरी मला हे आकडे शेजारी शेजारी ठेवावेसे वाटतात.

याच स्टोरींनी सहा वर्षांनी, मार्च १८४१ मध्ये, 'अमिस्ताद' खटल्याचा निकाल लिहिला. हवानात विकल्या गेलेल्या, जहाजावर बंड करून उठलेल्या आफ्रिकनांना त्यांनी स्वतंत्र माणसं ठरवलं. तेच हवाना, तोच धंदा, तसलीच स्कूनर. या वेळी तळातली माणसं कोर्टात स्वतः उभी होती, तेव्हा त्यांना मोजणं भाग पडलं. मला वाटतं फरक तेवढाच होता.

पांडाचा भंडारी होता अंतोनियो फेरेर, काळा माणूस. १५ वर्षांचा केबिनमधला पोरगा, निकोला कोस्टा. दोघंही सुटले. ज्याच्या हातात सुकाणू नाही, ज्याला नको म्हणायची सोय नाही, त्याला धरून काय उपयोग? ज्यूरीनं बरोबरच केलं. आजोबा म्हणायचे, बोटीवर चढलास की बोट जाईल तिकडं तू जाणार. चुलीपाशी उभा असलेला माणूस कप्तानाला सांगू शकत नाही की इकडं वळव.

बोटीवरची एक गोष्ट त्यांनी आजीला एकदाच सांगितली होती, आणि आजीनं मला, ते गेल्यावर. एडनच्या पुढं कुठंतरी, दुपारी, गॅलीच्या, म्हणजे बोटीवरच्या स्वयंपाकघराच्या, दारातून त्यांना एक लहान होडी दिसली होती. लाकडी, शीड नसलेली, लाटांवर वर-खाली होणारी. त्यात माणसं होती आणि ती हातात कापड घेऊन हलवत होती. आजोबा धावत सारंगाकडे, म्हणजे खलाशांच्या मुकादमाकडे, गेले. सारंग वर गेला, परत आला. बोट वळली नाही. वेळापत्रक होतं, की भीती होती, की वरच्यांना त्यांच्याशी काही देणंघेणंच नव्हतं, आजोबांना कुणी सांगितलं नाही. होडी मागं पडत गेली. "किती माणसं होती?" असं आजीनं विचारलं तेव्हा ते म्हणाले, "पाचपर्यंत मोजली. मग लाटेमागं गेली."

मी सातवीत असताना एका सुट्टीत आजोबांनी मला नळी काढून दिली होती. त्यांना इंग्रजी वाचता येत नसे. "ह्या बोटीचं वाच," म्हणून त्यांनी मधलंच एक पान उघडलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. मी नाव वाचलं, तारखा वाचल्या, कामाचा शिक्का वाचला. मग वागणुकीचा. व्हेरी गुड.

"म्हणजे काय?"

"अतिशय चांगली," मी म्हणाले. मला वाटलं ते खूश होतील.

"परत वाच," ते म्हणाले. मी परत वाचलं. त्यांनी पुस्तक माझ्या हातून घेतलं, पेटीत ठेवलं आणि अंगणात जाऊन उभे राहिले.